युरोपातल्या वांशिक अल्पसंख्याकांची बेरोजगारी: ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी एका तक्त्यात कसे आणावेत?

अभ्यासक_पुणे: एम.ए.च्या प्रकल्पासाठी तीन देशांची तुलना करतो आहे. ब्रिटनचे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे गटवार दर मिळाले. फ्रान्सचे काही केल्या सापडत नाहीत. कुठे शोधू?

आकडेमोड: ते सापडणार नाहीत, कारण तशी मोजणीच होत नाही. वंशावर आधारलेली आकडेवारी घटनेत बसत नाही, असा निकाल तिथल्या घटना परिषदेने २००७ मध्ये दिला. व्यक्तीचा आणि आईवडिलांचा जन्मदेश मात्र विचारता येतो. जर्मनीत २००५ पासून ‘स्थलांतराची पार्श्वभूमी’ मोजतात, म्हणजे स्वतः किंवा आईवडिलांपैकी एक तरी जन्माने जर्मन नागरिक नसलेले. ब्रिटनमध्ये गट ज्याचा त्याने सांगायचा. हे तिन्ही आकडे एका रकान्यात अजिबात घालू नका.

तिन्हीकडे मिळणारा निकष जन्मदेशाचा. फ्रान्स-जर्मनीसाठी युरोस्टॅटची (युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय) श्रमबल पाहणी घ्या, ब्रिटनसाठी त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाची. पण यात पॅरिसमध्ये जन्मलेली अल्जेरियन कुटुंबातली मुलगी ‘स्थानिक’ ठरते आणि तिच्या वाट्याची तफावत दिसेनाशी होते. त्यासाठी दुसरा तक्ता करा. फ्रान्सच्या २००८-०९ आणि २०१९-२० च्या ‘त्राजेक्त्वार ए ओरिजिन’ पाहण्यांत स्थलांतरितांच्या मुलांची माहिती वेगळी आहे.

श्रमबाजार: नुसत्या बेरोजगारी दरावर थांबू नका. गेल्या चार आठवड्यांत काम शोधलेले आणि दोन आठवड्यांत रुजू होऊ शकणारेच बेरोजगार धरतात. समजा १०० बायकांपैकी ४० कामावर, ५ शोधात, ५५ दोन्हींत नाहीत. दर ५ भागिले ४५, म्हणजे ११ टक्के. त्या ५५ जणी हिशेबातच नाहीत. ब्रिटनमधल्या पाकिस्तानी-बांगलादेशी स्त्रियांबाबत हाच घोळ होतो. शेजारी रोजगार दर द्याच.

अभ्यासक_पुणे: वयाचं काय करू?

श्रमबाजार: वयोगटवार तुलना करा. यांतले बरेच गट वयाने तरुण आहेत आणि तरुणांची बेरोजगारी सगळीकडेच जास्त असते. मात्र गट लहान असेल तर एका वर्षाचा आकडा फार हेलकावतो. तीन वर्षांची सरासरी घ्या.

आकडेमोड: वय-शिक्षण जुळवूनही फरक उरला तर तो भेदभावाचा पुरावा म्हणून लगेच मांडू नका, त्यासाठी अर्ज-चाचण्या वेगळ्या असतात, म्हणजे फक्त नाव बदलून नोकरीसाठी बनावट अर्ज पाठवायचे आणि उत्तरं मोजायची. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या चाचणीत सारखीच पात्रता दाखवून अर्ज पाठवले होते. श्वेत ब्रिटिश नावांना २४ टक्के, अल्पसंख्याक नावांना १५ टक्के अनुकूल उत्तरं आली.

आणि पुढे पूर्व युरोप घेतलात तर रोमा समाज (पूर्वी ‘जिप्सी’ म्हणत तो) जन्मदेशाच्या निकषात येणारच नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच नागरिक आहेत. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेची २०२१ ची पाहणी पाहा: २० ते ६४ वयाचे ४३ टक्के रोमा पगारी कामावर होते, संघाची सरासरी ७२ टक्के.