सध्या कुठला गेम चालू आहे? (आणि स्टारड्यूच्या फॉलला द्राक्षं की क्रॅनबेरी?)

हळदपेठ, सांगली

मंडळी, सध्या कोण काय खेळतंय ते लिहा. नुसतं 'भारी आहे' नको. काय जमलं, कुठं अडलं, आकडे काय, असं लिहिलंत तर दुसऱ्याला उपयोग होईल.

माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे. ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रात्री तासभर वेळ मिळतो. दोन गेम चालू आहेत.

१) स्टारड्यू व्हॅली, शेतीचा गेम. (यातला महिना म्हणजे एक ऋतू, २८ दिवसांचा. समर उन्हाळा, त्यानंतर फॉल म्हणजे शरद. ऋतू संपला की त्याची पिकं जातात.) पहिलं वर्ष, समरची २६ तारीख. ब्लूबेरीचा शेवटचा तोडा विकून आणि वरखर्च वजा जाऊन हातात ३,००० गोल्ड राहतील. शेतीची लेव्हल ५, खाणीत लिफ्ट ६० व्या मजल्यापर्यंत. फॉलला द्राक्षं लावायचा विचार आहे (सांगलीत राहून दुसरं काय लावणार!), पण जो तो क्रॅनबेरी म्हणतोय. शिवाय गेमच्या १.६ आवृत्तीत फळं वाळवायचं यंत्र आलंय, त्यात बेदाणा होतो म्हणे. ते लगेच घ्यावं का?

२) फॅक्टोरिओ, कारखाना उभारायचा गेम. २० बॉयलर, ४० स्टीम इंजिनं. कागदावर ३६ मेगावॅट यायला पाहिजेत. ३० च्या आसपास लोड गेला की सगळं मंदावतं आणि मग पूर्ण अंधार. पाणी कमी पडतंय का?

विश्रामबाग

क्रॅनबेरीच. हिशेब सोपा आहे. फॉलच्या १ तारखेला लावली की ८, १३, १८, २३, २८ असे पाच तोडे. दर तोड्याला दोन फळं, एक ७५ ला. म्हणजे झाडामागे ७५०, बी २४० चं, निव्वळ ५१०.

द्राक्षाला दहा दिवस लागतात, मग दर तीन दिवसांनी एक. ११, १४, १७, २०, २३, २६ असे सहा तोडे, ८० प्रमाणे ४८०. रोप ६० चं, निव्वळ ४२०. शिवाय द्राक्ष मांडवाचं पीक, त्यातून चालत जाता येत नाही. झाडामागे ९० चा फरक आहे, विषय संपला.

कृष्णाकाठ

विषय इतक्यात कसा संपेल? हा हिशेब जागा कमी आणि पैसा भरपूर असणाऱ्याचा झाला. इथं उलट आहे. शेत मोकळं पडलंय आणि खिशात ३,००० आहेत.

३,००० मध्ये क्रॅनबेरीची १२ रोपं येतात. महिनाअखेर ९,०००. त्याच पैशात द्राक्षाची ५० येतात. महिनाअखेर २४,०००. भांडवल तोकडं असेल तर झाडामागचा नफा बघायचा नाही, लावलेल्या रुपयामागे किती सुटले ते बघायचं. द्राक्ष आठपट देतं, क्रॅनबेरी तिप्पट.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. क्रॅनबेरीचा पाचवा तोडा बरोबर २८ ला येतो, म्हणजे एक दिवसही इकडचा तिकडं चालत नाही. २ तारखेला लावली किंवा मध्ये एकदा पाणी द्यायचं राहिलं, की तो तोडा गेला. झाडामागे १५० चा फटका. द्राक्ष ३ तारखेला लावलं तरी शेवटचा तोडा २८ ला मिळतो आणि सहाच्या सहा पदरात पडतात. रात्री तासभर, दमून खेळणाऱ्याला ही दोन दिवसांची सवड मोलाची आहे. फक्त रोपं १ किंवा २ ला घेऊन ठेवा. दर महिन्याची १ तारीख सोमवारी येते, म्हणजे ३ ला बुधवार. त्या दिवशी पिएरचं बी-रोपांचं दुकान बंद.

पाण्याचं गणित : लेव्हल ५ ला एका चौकटीला १.५ एनर्जी जाते, म्हणजे ५० झाडांना ७५. तुमच्याकडे मुळात २७० आहे, त्यामुळे जड नाही. साध्या झारीत ४० वेळचंच पाणी मावतं, तर मळा तळ्याजवळ धरा, एकदा भरून आणावी लागेल. झारी तांब्याची करून घ्यायची असेल तर टीव्हीवर उद्या पाऊस दाखवला की आज पाणी देऊन दुपारी ४ च्या आत क्लिंट लोहाराकडे टाका. दोन दिवस लागतात. मधला दिवस पावसाचा, परवा सकाळी झारी परत. पाऊस नसताना टाकली तर एक दिवस पीक कोरडं राहतं.

११ ला पहिला तोडा, ५० द्राक्षांचे ४,०००. त्या दिवशी गुरुवार असतो, दुकान उघडं असतं. तेव्हा क्रॅनबेरी घेऊ नका, तीनच तोडे मिळतील, झाडामागे २१० सुटतील. भोपळा घ्या. बी १०० चं, १३ दिवसांत तयार, ३२० ला जातो. सुटणारे पैसे जवळपास तेवढेच, पण बी निम्म्याहून स्वस्त, म्हणजे ४,००० मध्ये ४० झाडं बसतात. भोपळा लावायची शेवटची तारीख १५. एक भोपळा विकायचा नाही, नेहमीच्या बंडलांमध्ये (कम्युनिटी सेंटरला द्यायच्या वस्तूंचे संच) फॉलच्या पिकांत लागतो आणि त्याच खोलीची बंडलं पुरी केली की ग्रीनहाऊस मिळतं.

विश्रामबाग

मान्य. भांडवलाचं डोक्यात आलं नव्हतं. पण मांडवाचं काय? ५० झाडांचा चौकोन केला तर मधली तोडणार कशी?

तासगावकडचा

चौकोन करूच नका. दोन ओळी चिकटून, मग एक गल्ली, परत दोन ओळी. प्रत्येक ओळीला एका बाजूनं हात पोचला पाहिजे. तिसरी ओळ चिकटवली की मधली अडकली, मग कुऱ्हाड घालून एखादं झाड काढल्याशिवाय आत जाता येत नाही. आपल्याकडच्या वाय पद्धतीच्या बागेत माणूस खालून तरी जातो, इथं तीही सोय नाही.

पुढं क्वालिटी स्प्रिंकलर आले (लेव्हल ६, लोखंडाची एक पट्टी, सोन्याची एक, एक रिफाइंड क्वार्ट्झ) की ३×३ चे ठोकळे पाडा. मध्ये स्प्रिंकलर, भोवती आठ झाडं, ठोकळ्याभोवती गल्ली. आठही झाडं कडेला येतात. साधा स्प्रिंकलर चारच चौकटी भिजवतो, त्याच्या नादाला लागून तांबं-लोखंड घालवू नका.

आता बेदाणा. हा मुद्दा नीट बघू, कारण इथंच लोक फसतात.

यंत्राचं नाव डिहायड्रेटर. कृती पिएरकडे १०,००० ला. एक यंत्र बनवायला ३० लाकूड, २ चिकणमाती, १ फायर क्वार्ट्झ. हे फायर क्वार्ट्झ खाणीत ८० च्या खालीच सापडतं. तुमची लिफ्ट ६० वर आहे, म्हणजे आत्ता यंत्र होणं अवघडच. पुढं मिळालं की भट्टीत घालू नका, तिथं त्याचं रिफाइंड क्वार्ट्झ होऊन जातं.

पाच द्राक्षं घातली की दिवसाभरात एक बेदाणा, ६०० ला जातो. तीच पाच द्राक्षं तशीच विकली तर ४००. म्हणजे एका घाण्याला २०० सुटले. नुसत्या कृतीचे १०,००० भरून निघायला ५० घाणे. एवढी द्राक्षं या फॉलला होणार, पण ती सगळी त्यातच घालवून हाती शून्य. पहिल्या फॉलला मुळीच घेऊ नका.

त्याऐवजी बरण्या. प्रिझर्व्ह्‌ज जार लेव्हल ४ ला मिळतो, म्हणजे तुमच्याकडे आहेच. ५० लाकूड, ४० दगड, ८ कोळसा, रोख काही नाही. जॅमचा भाव फळाच्या दुप्पट अधिक ५०, म्हणजे द्राक्षाचा २१०. एका द्राक्षामागे १३० जास्त. दोन-तीन दिवसांत एक बरणी उतरते, ११ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत एका बरणीचे सहा फेरे सहज. दहा बरण्या झाल्या तरी सात-आठ हजार वर सुटतात. अडतं ते कोळशावर. खाणीत ४१ ते ७९ मध्ये ती काळी उड्या मारणारी धुळीची पिल्लं असतात, त्यांना झोडा, कोळसा तिथंच मिळतो.

वाईन २४० ला जाते, पण केग (वाईनचं पिंप) लेव्हल ८ ला आणि एक फेरा जवळपास आठवडाभराचा. त्यात ओकचा चीक लागतो, तोही आठवड्याला एक. पुढच्या वर्षाचं काम.

अजून एक. यंत्रं फळाची प्रत बघत नाहीत. सोनेरी चांदणीचं द्राक्ष तसंच १२० ला जातं, अशी पाच म्हणजे ६००, बेदाण्याएवढेच! म्हणून चांदणीचा माल सरळ विक्रीच्या पेटीत टाका आणि साधा माल बरणीत. (आपल्याकडंही एक्स्पोर्टचा माल वेगळा आणि शेडवर जाणारा वेगळा, तसंच.) हे गणित लेव्हल १० ला आर्टिझन हे कौशल्य घेतल्यावर बदलतं. तेव्हा प्रक्रिया केलेल्या मालाला ४० टक्के जास्त, बेदाणा ८४० वर जातो.

बाकी एप्रिलात खरड छाटणी नाही, ऑक्टोबरात फळछाटणी नाही, डावणीचं औषध नाही आणि रोप लावल्यावर दहाव्या दिवशी माल. गेम करणाऱ्यानं तासगाव बघितलेलं नाही एवढं नक्की. पाचास एक हे प्रमाण मात्र बरंच जवळ आहे, आपल्याकडं साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो.

गव्हाण

फॅक्टोरिओचं मी घेतो. पाणी कमी नाही. गेमच्या २.० आवृत्तीपासून एका पंपावर २०० बॉयलर चालतात, जुन्या लेखांत २० दिसतील. बॉयलरला दोन इंजिनं हे प्रमाण तसंच आहे, तुमचं बरोबर आहे.

गोची कोळशाच्या पट्ट्यात (माल वाहणाऱ्या कन्व्हेयरमध्ये) आहे. एक बॉयलर १.८ मेगावॅट, २० चे ३६. कोळशाच्या एका नगात ४ मेगाज्यूल, म्हणजे सेकंदाला ९ नग पाहिजेत. पिवळा पट्टा सेकंदाला १५ नेतो, पण दोन्ही लेन (पट्ट्याच्या दोन बाजू) मिळून. एका लेनला ७.५. तुमचा कोळसा बाजूच्या पट्ट्यावरून येऊन मुख्य पट्ट्याला काटकोनात मिळत असणार, तसा मिळाला की तो एकच लेन भरतो. ७.५ गुणिले ४ म्हणजे ३० मेगावॅट. तुम्ही म्हणताय तिथंच बरोबर अडतंय. शेवटचे तीन बॉयलर बघा, त्यांच्या पोटात कोळसा नसेल.

उपाय : कोळशाचा पट्टा वळवून मुख्य पट्ट्याच्या सुरुवातीलाच सरळ जोडा, म्हणजे तो त्याचाच पुढचा भाग होईल. नाहीतर खाणीतच ड्रिल पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लावा, दोन्ही लेन आपोआप भरतात. एक इलेक्ट्रिक ड्रिल सेकंदाला अर्धा नग काढतं, ९ नगांना १८ ड्रिल लागतील. २० धरा.

आता अंधाराचं. बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे हात विजेवरचे असतील, तर वीज कमी झाली की हात मंदावतात, कोळसा कमी पडतो, वीज अजून कमी. खाणीतली ड्रिलही त्याच विजेवर, म्हणजे दोन्हीकडून मार. बॉयलरपुढे बर्नर इन्सर्टर (कोळशावर चालणारे हात) लावा, ते उचललेल्या कोळशातूनच स्वतःचं पोट भरतात. साखर कारखान्यात उसाच्या बगॅसवरच बॉयलर चालतो आणि त्याच वाफेवर गाळप, तसं हे स्वतःवर उभं राहिलं पाहिजे. एकदा पूर्ण बंद पडलं तर प्रत्येक बॉयलरमध्ये हातानं पाच-पाच कोळसे टाका आणि कारखान्याकडे जाणारी एक खांबाची तार तोडून ठेवा. आधी खाण चालू होऊ दे, मग तार जोडा.

उतारावरचा, सातारा

इकडं युरो ट्रक सिम्युलेटर २. गेम २०१२ चा, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर ओढतो, फक्त सेटिंग नीट पाहिजे. स्केलिंग १०० टक्क्यांवर आणा (४०० पर्यंत जातं, ते आपल्यासाठी नाही), आरशांचं रिझोल्यूशन लो, सावल्या लो, एसएसएओ (कोपऱ्यांतल्या बारीक सावल्यांचा इफेक्ट) बंद. आरसे बंद करू नका, ट्रेलर मागे घेताना आंधळे व्हाल.

नवशिके उतारावर ब्रेक दाबून धरतात. खंबाटकीच्या उतारावर खरा ड्रायव्हर जे करतो तेच इथं करायचं. गिअर खाली, इंजिन ब्रेक, आणि वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स बदलताना रिटार्डरवाला (पायाच्या ब्रेकशिवाय वेग रोखणारा) घ्यायचा. एअर ब्रेकचं सिम्युलेशन वर ठेवलं असेल तर सारखं पायानं मारून हवा उतरते आणि ऐन वळणावर गाडी स्वतःच जाम होते. सुरुवातीला बँकेचं कर्ज काढून ट्रक घेण्याची घाई नको, क्विक जॉबमध्ये ट्रकही त्यांचा, डिझेलही त्यांचं.

मिरजवाली

सिल्कसाँग चालू आहे (उड्या मारत लढायचा गेम, ४ सप्टेंबर २०२५ ला आला). लॅपटॉपला जड नाही, बोटांना आहे. अडणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. बाइंडला (जखम भरून घ्यायला) नऊ रेशीम लागतं आणि तीन मास्क (जीव) भरतात, तेव्हा एकच मास्क गेला असताना वापरू नका. आणि बाइंड चालू असताना मार बसला तर रेशीम फुकट जातं, म्हणून आधी लांब पळा, मग करा. सुरुवातीच्या क्रेस्टचा (लढायच्या शैलीचा) खालचा वार तिरपा जातो. वरून सरळ पडून मारायची सवय असेल तर अर्धा देह बाजूला ठेवून उडी घ्यावी लागते. जमत नसेल तर वाँडरर क्रेस्ट शोधा, त्याचा वार सरळ खाली आहे. जपमाळेचे मणी साठले की माळेत ओवून ठेवा. थोडी कडती जाते, पण मेल्यावर सुटे मणी पडतात, माळ पडत नाही.

हळदपेठ, सांगली

गव्हाण, एकच लेन भरत होती. शेवटचे तीन बॉयलर रिकामे निघाले. तार तोडून चालू केलं.

द्राक्षं ५० ठरली. शेवटचा प्रश्न : कावळ्यांसाठी बुजगावणी किती? आणि मध्येच लाईट गेली तर?

कृष्णाकाठ

एक पुरतं. सगळीकडून आठ चौकटी राखतं, दोन-दोन ओळींत लावलेली ५० झाडं त्यात बसतात, फक्त मध्यावर उभं करा, कडेला नको. ५० लाकूड, १ कोळसा, २० फायबर. त्याला एक चौकट गल्लीतली द्या, ओळीतली दिलीत तर एक रोप कमी बसेल.

लाईटचं : स्टारड्यू झोपल्यावरच सेव्ह होतो, पण अख्खा दिवस सव्वाचौदा मिनिटांचा आहे, तेवढंच जाईल. बॅटरी अगदीच गेलेली असेल तर त्या दिवसापुरतं लवकर झोपा. फॅक्टोरिओत सेटिंगमध्ये जाऊन ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणा.