बॉस्टनचे नगर-वास्तुविशारद एडमंड व्हीलराइट यांचा अभ्यास कसा करावा?

प्रश्न (विद्यार्थिनी, पुणे): वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाच्या निबंधासाठी मी एडमंड मार्च व्हीलराइट (१८५४–१९१२) यांची निवड केली आहे. १८९१ ते १८९५ या काळात बॉस्टनचे नगर-वास्तुविशारद असताना त्यांनी शाळा आणि अग्निशमन दलाच्या इमारती उभारल्या. तरी त्यांचे नाव निघते ते लाँगफेलो पुलामुळेच. नगरपालिकेच्या पदावरून केलेल्या कामाला त्यांची स्वतःची निर्मिती म्हणावे का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ): निःसंशय म्हणावे. १८७४ मध्ये जॉर्ज क्लफ यांच्यापासून सुरू झालेले हे पद व्हीलराइट यांच्यानंतर १८९५ मध्येच बंद झाले, परंतु त्या चार वर्षांत त्यांनी साध्या विटेतून काय साधले ते पाहण्यासारखे आहे. अग्निशमन मुख्यालयाचा पिवळसर विटांचा उंच मनोरा पाहताना सिएनाच्या नगरभवनाची आठवण होते. १९८० पासून तिथे बेघरांसाठी निवारा चालतो, आणि मला तर हा त्या वास्तूचा मोठाच गौरव वाटतो. निबंधात शाळांना अधिक जागा द्या. शालेय इमारतींवरचे त्यांचे लेखन १९०१ मध्ये ग्रंथरूपाने आले. वर्गात उजेड विद्यार्थ्याच्या डाव्या बाजूने यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही, हा त्या काळचा दंडक होता. तेव्हा नकाशा हाती घेतल्यावर आधी खिडक्या आणि बाकांची दिशा तपासा.

उत्तर (स्थापत्य अभियंता, कोथरूड): सरांशी सहमत आहे, मात्र पुलाचा विचार वेगळा करावा. तो १९०६ मध्ये खुला झाला, म्हणजे व्हीलराइट यांनी पद सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी, आणि पोलादी कमानींच्या त्या कामात मुख्य अभियंता विल्यम जॅक्सन यांचा वाटा मोठा आहे. मधल्या गाळ्याजवळचे चार ग्रॅनाइटचे मनोरे मीठ-मिरपुडीच्या डब्यांसारखे दिसतात, म्हणून लोक त्यांना तेच नाव देतात.

ताई, आपल्याकडची मंडईही (१८८६) जरूर पाहा. जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना तिच्या खर्चाला विरोध केला होता. इमारत कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी उभी राहते, हा त्यांचा प्रश्न व्हीलराइट यांच्या प्रत्येक शाळेलाही विचारता येईल.

विद्यार्थिनी: दोघांचेही मनापासून आभार. पूल परिशिष्टात घेते आणि मुख्य भाग शाळांवरच लिहिते.