व्यसनी माणसाला ‘जीव नकोसा वाटतो का’ असे विचारावे का?

बंदरकर : माझा भाचा ट्रॉलरवर खलाशी होता आणि गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी लागला होता. शिमग्यानंतर दीड महिना तो एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, आणि 1 जूनला मासेमारीबंदी लागल्यावर रिकामा घरी बसला. त्याच आठवड्यात त्याने आपली क्रिकेटची बॅट शेजारच्या पोराला देऊन टाकली. ‘मला आता काय करायची आहे’, एवढेच म्हणाला. पोरगा सुधारतो आहे, असा आम्ही त्याचा अर्थ लावला. पुढे त्याला वेळीच रुग्णालयात नेता आले, म्हणून तो आज आपल्यात आहे. केंद्रात दाखल करताना आधार कार्ड, वजन, अनामत रक्कम यांची चौकशी झाली, पण मरणाचे विचार येतात का, पूर्वी तसा प्रयत्न केला होता का, हे कोणी विचारले नाही. पूर्वीचा प्रयत्न, नैराश्य, लहानपणी सोसलेली मारहाण, गर्दच्या जोडीला दारू, गेलेले काम आणि एकटेपणा ही कारणे एकावर एक चढत जातात. म्हणून हा प्रश्न दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारणे सक्तीचे करावे, असे माझे मत आहे.

निवृत्त मुख्याध्यापक : आपल्या दुःखाबद्दल सहानुभूती आहे, तरी मी असहमत आहे. नसते विचारून आपणच त्याच्या मनात ते भरवू. शिवाय नैराश्य हे बहुतेकदा नशेमागून येते. ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली होती, हे आपण विसरलो का? आधी माल थांबवा. आणि वाडीत अशी गोष्ट फुटली की पोलीस दारात येतात व बहिणीचे जमलेले लग्न मोडते, याचा विचार शहरातले तज्ज्ञ करत नाहीत.

परिचारिका, 22 वर्षे नोकरी : विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, असेच आजवरच्या अभ्यासांतून दिसले आहे, उलट बोलायला मिळाल्याने अनेकांना हायसे वाटते. नैराश्य आधी की नशा आधी, हा वाद रुग्णाच्या खाटेपाशी फारसा उपयोगाचा नसतो, कारण दोन्ही एकमेकांना पोसतात आणि उपचार दोन्हींवर एकदमच करावे लागतात. मात्र बंदरकरांचा उपायही मला अपुरा वाटतो. पहिल्या दिवशी टर्की चढलेला, म्हणजे नशा तुटल्याने तळमळणारा, मुलगा घाम पुसत, पाय झाडत कशालाही ‘नाही’ म्हणतो. तोच प्रश्न शरीर शांत झाल्यावर, घरी सोडताना आणि त्यानंतरच्या आठवड्यांत पुन्हा विचारायला हवा, कारण घरी परतल्यावरचे दिवस सर्वांत धोक्याचे. गर्द सुटल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते. एखादी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा एकदा नशा केली, आणि जुनेच प्रमाण घेतले तर जीव जाऊ शकतो, आणि ती चूक होती की हेतू, हे मागाहून कळणे कठीण असते.

पोलिसांबद्दल सांगायचे तर, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असलेला मानते, गुन्हेगार नव्हे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, सेवनाच्या गुन्ह्यात सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे. मात्र सरांचा बदनामीचा मुद्दा खरा आहे, म्हणून असे प्रश्न ओटीवर चारचौघांत विचारू नयेत.

निवृत्त मुख्याध्यापक : कलमे मला ठाऊक नव्हती. तरीही तो ‘हो’ म्हणाला तर पुढे काय? राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, पण दोडामार्गाहून तेथे एसटीने जायचे म्हणजे दिवस मोडतो. उत्तर पेलण्याची सोय नसताना प्रश्न विचारणे मला अजूनही बेजबाबदारपणाचे वाटते.

परिचारिका, 22 वर्षे नोकरी : त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, घरातल्या गोळ्या आणि बागेतली फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, आणि 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर बोलावे, तेथे मराठीत बोलता येते. जीव धोक्यात दिसला तर मात्र वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे. डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत एवढे कोणत्याही घराला जमते.

बंदरकर : काल जाळे विणताना भाच्याला हळूच विचारले. सुईवरची नजर न उचलता तो म्हणाला, “आठवड्यातून एकदोनदा येतो विचार.” डॉक्टरांची पुढच्या महिन्याची तारीख मी अलीकडे, या गुरुवारची करून घेतली आहे.