१०० मीटर पळणाऱ्या पोरांना बीटचा रस कशाला?

सणसवरची_आई
माझी लेक पुण्यातल्या सणस मैदानावर १०० आणि २०० मीटरचा सराव करते. मध्यंतरी पालकांच्या ग्रुपवर बीटच्या पावडरीचा फोटो पडला. खाली लिहिलं होतं, ‘स्पर्धेआधी सुरू करा, टायमिंग सुधारतं.’ बघता बघता बऱ्याच घरांत डबा आला. मी आणला नाही, आणि कोणी आणू नये असं माझं मत आहे.

बीटात नायट्रेट असतं. जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. रक्तवाहिन्या सैलावतात, तेवढ्याच कामाला स्नायूंना प्राणवायू कमी लागतो. मग फायदा व्हायचा तो काही मिनिटं दम टिकवायच्या शर्यतीत. आमच्या पोरींची १०० मीटर तेरा-चौदा सेकंदांत आटोपते. तिथे स्नायूंत साठलेलं क्रिएटिन फॉस्फेट आणि प्राणवायूविना वापरली जाणारी साखर कामाला येते. प्राणवायू वाचवून तिथे काय मिळणार? त्यात डब्यावर नायट्रेट किती मिलिग्रॅम, हे छापलेलंच नाही. तेवढ्या पैशांत बरे स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, येतात.

कोथरूडचा_विंगर
ताई, डब्याबद्दल पटलं, बाकी नाही. ‘बीट म्हणजे फक्त लांब पल्ला’ हा समज जुना झाला. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये सांघिक खेळ खेळणाऱ्या ३६ पुरुषांना पाच दिवस बीटचा रस दिला. २० मीटरच्या वेळेत १.२ टक्के, पहिल्या ५ मीटरांत २.३ टक्के सुधारणा दिसली. नायट्रेटचा परिणाम स्नायूंतल्या जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंवर जास्त होतो असं दिसतंय, आणि १०० मीटरच्या धावपटूचा मुख्य जोर त्याच तंतूंवर असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये ज्या मोजक्या पूरकांमागे चांगला पुरावा आहे असं म्हटलं, त्यांत कॅफिन आणि क्रिएटिनबरोबर नायट्रेटही आहे. मी स्वतः फुटबॉल मॅचच्या आधी घेतो. दुसऱ्या हाफमध्ये शेवटचे स्प्रिंट मारताना पाय साथ देतात.

फिजिओ_एरंडवणे
दादा, आकडे बरोबर आहेत, पण ते तुमच्या खेळाचे आहेत. थांबून थांबून पुन्हा पळायचं असेल तर मधल्या विश्रांतीत क्रिएटिन फॉस्फेट भरून यावं लागतं, आणि ते भरायला प्राणवायू लागतो. तिथे बीटचा उपयोग समजू शकतो. स्टार्टिंग ब्लॉकमधून सुटून एकदाच १०० मीटर पळणाऱ्या मुलीला तेच लागू होईल असं यातून निघत नाही. शिवाय बहुतेक प्रयोग पुरुषांवर झालेत, आणि तयारी जितकी पक्की तितका फायदा कमी दिसतो. त्या ऑलिंपिक समितीच्या निवेदनातली मात्रा ३१० ते ५६० मिलिग्रॅम नायट्रेट, खेळाच्या दोन-तीन तास आधी. मंडईतून आणलेल्या बीटात ते किती, हे जमीन, खत, हंगाम यांवर ठरतं. रसाच्या एका पेल्यावरून सांगता येत नाही.

कोथरूडचा_विंगर
मग मोजून दिलेला रस घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. आणि घेऊन माउथवॉश वापरू नये, जिभेवरचे जंतू मरतात आणि सगळं वाया जातं. आमच्या टीममधले दोघं नेमकं हेच करत होते आणि वर ‘काही फरक नाही’ म्हणून सांगत फिरायचे. पाव सेकंदाने निवड हुकते तिथे एक टक्का सोडून द्यायचा का?

तळजई_रोज
एवढा खल कशाला? टेकडीच्या पायथ्याशी सकाळी दुधीचा, कारल्याचा, बीटचा ताजा रस मिळतो. पोरांना तोच पाजा. बीटाने रक्तही वाढतं.

फिजिओ_एरंडवणे
काका, दोन गोष्टी कळकळीने सांगते. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही गिळायचा नाही, लगेच थुंकायचा. त्या कडूपणातलं कुकुरबिटासिन विषारी असतं, उलट्या होऊन रक्तदाब कोसळतो, माणसं दगावली आहेत. गाडीवर आवळा-पुदिना घातला की तो कडूपणा कळतही नाही.

दुसरं, बीट लाल म्हणून रक्त वाढवत नाही. १०० ग्रॅममध्ये लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. माझ्याकडे ‘पाय जड वाटतात’ म्हणून येणाऱ्या मुलींना मी आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासायला पाठवते. ते कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह सुरू होतं, आणि सरावातला फरक आईलाही दिसतो. मुतखड्याचा त्रास असलेल्याने तर रोज बीटचा रस पिऊच नये, त्यात खडे बनायला हातभार लावणारं ऑक्झलेट भरपूर असतं.

सणसवरची_आई
फेरिटिनचं आमच्या ग्रुपवर आजवर एकदाही निघालं नाही, पावडरीचं रोज निघतं. विंगर, तुमच्या फुटबॉलबद्दल मी मान्य करते. तुम्ही मोठे आहात, स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या शरीरावर करून बघा. पण आमच्या पोरी चौदा-पंधराच्या आहेत. त्यांचा स्टार्ट अजून बसलेला नाही, पहिल्याच दोन पावलांत अंग सरळ होतं. शाळा-क्लास करून रात्री अकराला झोपतात आणि साडेपाचला मैदानावर येतात. एक टक्का हवाच असेल तर मी आधी तिथे शोधेन.

कोथरूडचा_विंगर
झोपेवर वाद नाही. पण सतरा-अठराला राज्य स्पर्धेत उतरतील तेव्हा हा विषय पुन्हा काढा, एवढंच म्हणतो.

सणसवरची_आई
काढू. तोवर ग्रुपवर एवढं टाकते: डबा आणलाच असेल तर स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा देऊ नका, पोट बिघडू शकतं. आणि लघवी लालसर झाली तर घाबरू नका, बीटाने होते. काल एक आई त्याच धसक्याने मुलीला घेऊन दवाखान्यात धावली होती.