मंडईच्या नाटकात आपल्याच भागातली बातमी यावी का?

वैनगंगाकाठ (सिंदेवाही तालुका)

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. यंदा आमच्या मंडळात वाद पेटला आहे. तो एका गावापुरता नाही म्हणून इथं मांडतो.

मे २०२५ मध्ये आमच्या तालुक्यात बिडीसाठीची तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बातमी राज्यभर फिरली, दोन दिवसांनी विरली. मंडळातले पोट्टे म्हणतात, वडशाहून कंपनीचं नेहमीचं भाऊबंदकीचं नाटक आणण्यापेक्षा यंदा गावातल्यांनीच या विषयावर नाटक बसवावं. जुनी माणसं म्हणतात, लोक वर्षभर रडतातच, एक रात्र हसू द्या.

मी पोट्ट्यांच्या बाजूचा आहे. पेपरात नाव, वय, गाव, पंचनामा आणि वारसांना मिळणारी रक्कम एवढं छापून येतं. सरकार आता २५ लाख देतं, त्यातले काही हातात आणि बाकी मुदत ठेवीत. वाचणाऱ्याला वाटतं, जंगलात वाघ आहे हे माहीत असून बाई गेलीच कशाला? मे महिन्यात धानाच्या बांधीत काम नसतं, घरात पैसा नसतो, पुढं खरिपाचं बियाणं घ्यायचं असतं आणि तेंदूचा हंगाम जेमतेम पंधरवड्याचा. पहाटे निघालं नाही तर जवळची पानं दुसरा तोडून नेतो, मग आणखी आत शिरावं लागतं. हे पेपरात कधी येणार? नाटक सहा तास चालतं, हजार माणूस समोर बसतो. तिथंही आपण हे बोलणार नसू तर बोलणार कुठं?

ऑर्गनवाला (वडसा)

भाऊ, मी हंगामात नाटक कंपनीसोबत ऑर्गन वाजवतो, म्हणून स्टेजच्या बाजूनं सांगतो. झाडीपट्टीनं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या या रंगभूमीनं, समाजातले विषय केलेच नाहीत असा सूर नको. दारू, हुंडा, जादूटोणा, शेतकऱ्याची आत्महत्या, सगळं झालं आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दारुड्या नवऱ्याचा प्रवेश बंदीआधी होता, बंदीत होता, आजही आहे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवर आयुष्य घातल्याबद्दल. ही कला हलकी नाही, आणि तिला जड करायला बातमीही लागत नाही.

वाघाचं नाटक बसलं तर काय होईल ते माझ्या डोळ्यांसमोर उभं आहे. तिसऱ्या अंकात लाल लाईट पडेल. वाघाचा पोशाख घातलेला पोट्टा विंगेतून उडी घेईल. मी ऑर्गनवर हात दाबून धरीन. बाया किंचाळतील, मागचे पोट्टे शिट्ट्या मारतील. मग आई माईकसमोर हंबरडा फोडेल आणि लगेच विनोदी पात्र येईल, कारण लोकांना श्वास घ्यायला जागा द्यावी लागते. लिहिणारा कितीही प्रामाणिक असला तरी रात्रीच्या दोन वाजता स्टेजला हेच लागतं.

आणि मंडई कशाला असते? लेकी माहेरी येतात, सोयरे भेटतात, लग्नं जुळतात. धान चुरून झालेला असतो किंवा पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, लागलेले असतात. लोक चादर-ब्लँकेट घेऊन रात्रभर जमिनीवर बसतात. त्या माणसांना हसवणं हे माझ्या लेखी छोटं काम नाही.

मोहफूल

दोघांनाही सांगते. माझी सख्खी मावशी तेंदूच्या हंगामात वाघानंच नेली. कोणत्या गावची ते लिहीत नाही.

आदल्या संध्याकाळी तिनं पुडकी बांधून ठेवली होती. एका पुडक्यात ७० पानं. मावशीची पुडकी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथं, कधी कमी भरली नाहीत, मुन्शी तिची मोजतही नसे. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी काका तीच पुडकी डोक्यावर घेऊन फळीवर गेले. ठेवली असती तर पानं खराब झाली असती आणि पैसे बुडाले असते. रांगेतल्या बायांनी त्यांना पुढं जाऊ दिलं. मुन्शीनं वहीत मावशीच्याच नावावर लिहिलं.

त्याच दिवशी चॅनेलवाले आले. मावसबहिणीला म्हणाले, फोटो हातात घेऊन दारात उभी राहा. ती राहिली, कारण नाही कसं म्हणायचं हे तिला सुचलंच नाही.

मावशी रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, गाणं उचलायची. चिखलात उभी राहून ती ओळ टाकायची आणि वीस बाया झेलायच्या. शेजारच्या गावातले लोक आपल्या रोवणीला तिला मुद्दाम बोलावून न्यायचे. तुमच्या नाटकात ती येईल आणि मरेल, एवढंच. आधीच लोकांना तिच्याबद्दल तेवढंच माहीत आहे. माझं मत नको असं आहे.

पऱ्हाटी (घाटंजी, यवतमाळ)

मोहफूलताई, तुमचं पटतं, आणि का पटतं ते सांगतो.

आमच्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको-लेकरांसह जीव दिला. आता दर वर्षी १९ मार्चला लोक त्या कुटुंबासाठी अन्नत्याग करतात. इतकी वर्षं आमचं मरण बातमीत आहे. कॅमेरे आले, नेते आले, अभ्यास करणारे आले, मग पथनाट्यं आली. आमच्या गावच्या चौकात एक झालं. फाशीचा दोर दाखवला, बायको धाय मोकलून रडली, शेवटी एका पात्रानं योजना समजावून सांगितली. ज्या घरात तसं घडलं होतं त्या घरची वहिनी समोरच बसली होती. पात्रांकडे कोणीच पाहत नव्हतं, सगळा चौक तिच्याकडे पाहत होता. तिनं पदर पुढं ओढला आणि तशीच बसून राहिली, कारण उठून गेली असती तर तेही लोकांनी पाहिलं असतं.

तिचं प्रकरण मदतीला पात्र की अपात्र हे तेव्हा ठरायचं होतं. पात्र ठरलं तर एक लाख. नाटकात याबद्दल अक्षर नव्हतं.

पण पोट्ट्यांनी बोलूच नये असं मी म्हणणार नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात तेव्हा आमच्याकडे झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी कवनं, होतात. एक जण झडती टाकतो, शेवटी 'एक नमन गौरा पार्वती' आलं की सगळे मिळून 'हर हर महादेव' म्हणतात. त्यात कापसाचा भाव येतो, बोगस बियाणं येतं, बँकेची नोटीस येते, पुढाऱ्याचं आश्वासन येतं. पुढारी समोर टोपी घालून उभा असला तरी येतं. मरण कोणाचंच येत नाही आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. झडती जाब विचारते. आमच्या चौकातल्या नाटकानं फक्त रडून दाखवलं. तुमचं नाटक यातलं कोणतं होणार, त्यावर माझं मत अवलंबून आहे.

जुने मास्तर (पवनी)

पऱ्हाटी यांनी झडतीची आठवण दिली हे फार बरं केलं. मी वैनगंगाकाठ यांच्या बाजूचा आहे, आणि ठामपणे आहे.

कला वेगळी आणि रोजचं जगणं वेगळं, ही वाटणी आपल्या भागात कधी नव्हती. आमच्या लहानपणी दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं पाहायला मिळायची. पडदा नाही, तिकीट नाही. सोंगाड्या गावात त्या आठवड्यात जे झालं तेच घेऊन उभा राहायचा. पाटलाच्या ओसरीवर झालेलं भांडण तिसऱ्या दिवशी दंडारीत आलेलं मी पाहिलं आहे, आणि पाटील पुढं बसून ऐकत होते. नागपुरात काळी मारबत, म्हणजे ईडापीडेचा पुतळा, १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. सोबतचे बडगे, म्हणजे लहान पुतळे, तर दर वर्षीच्या बातमीवरच बनतात, महागाई म्हणा, भ्रष्टाचार म्हणा. आमच्याकडेही पोळ्याच्या पाडव्याला 'घेऊन जा गे मारबत' म्हणत ईडापीडा शिवेपार नेतात. जे वर्षभर छळतं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, ही आपली जुनी रीत आहे.

आणि गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. अमरावतीकडचा हा माणूस १९५६ मध्ये वलगावजवळ गेला. माझ्या वडिलांनी त्यांना ऐकलं होतं. बाबा प्रश्न विचारायचे आणि लोकांकडून उत्तर काढून घ्यायचे. सावकाराचं कर्ज, दारू, देवापुढचा बकरा, सगळं त्यात यायचं. ऐकणारा माणूस घरी जाताना आपल्याच कर्जाचा हिशेब करत जायचा. हे रंजन नव्हतं का? होतंच. लोक मैलोन्‌मैल चालत यायचे.

ऑर्गनवाला (वडसा)

मास्तरजी, तुमचा आदर ठेवून बोलतो. झडती दोन मिनिटांची असते आणि बडग्याला त्याच दिवशी जाळतात. दंडारीला तिकीट नव्हतं. सहा तास लोकांना बसवायचं तर कथा लागते, कथेला खलनायक लागतो. इथं खलनायक कोण?

वाघाला केलंत तर विजेची जिवंत तार लावून वाघ मारणाऱ्याला टाळ्या पडतील. त्या तारेला माणसंही चिकटून मेली आहेत. वनखात्याला केलंत तर गार्ड गावातच भाड्यानं राहतो आणि वाघाच्या मागं काठी घेऊन धावणारे आपलेच पोट्टे असतात. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. आज मोहर्लीकडं किती घरांची चूल सफारीच्या जिप्सी आणि गाईडच्या कामावर पेटते ते जाऊन पाहा. एकाच घरात थोरला वाघ दाखवून कमावतो आणि माय वाघाच्या भीतीनं सरपणाला जात नाही. या घरावर नाटक लिहिणारा मला आणून दाखवा, मी पैसे न घेता ऑर्गन वाजवतो. पण दिवाळीआधीच्या महिन्याभरात तालमी करून हे जमणार नाही, आणि अर्धवट जमलेलं नाटक मोहफूलताईंच्या घरावर अन्याय करेल.

वैनगंगाकाठ (सिंदेवाही तालुका)

तुम्ही सांगितलेलं ते घर, हेच नाटक आहे! ऑर्गनवालेभाऊ, नको म्हणता म्हणता तुम्हीच विषय दिलात.

मी मंडळात असं मांडणार आहे. वाघ स्टेजवर यायचा नाही, मरण दाखवायचं नाही, लाल लाईट नाही. आदली संध्याकाळ घ्यायची. एका अंगणात पाच बाया पुडकी बांधत बसल्या आहेत. दुपारी ढोराच्या वाटेवर पगमार्क, म्हणजे वाघाच्या पावलाचा ठसा, दिसला आहे. उद्या जायचं का नाही, एवढंच ठरवायचं आहे. एकीला पोराची फी भरायची आहे, एकीचा नवरा हैदराबादला मजुरीला गेला आहे, एकीचा दीर गार्ड आहे आणि तो जाऊ नका म्हणतो. जाऊ नका म्हणणाऱ्यानं त्या दिवसाच्या मजुरीचं काय सांगितलं? पऱ्हाटीभाऊ म्हणतात तो जाब इथं विचारता येतो. हसूही येईल, कारण पाच बाया एका अंगणात बसल्या की हसतातच. लोक हसतील आणि त्यांना प्रश्नही कळेल.

गप्प बसायला मी तयार नाही. आपण नाही बोललो तर आपल्याबद्दल चॅनेलवालाच बोलणार, आणि तो फोटो हातात घ्यायला लावतो.

मोहफूल

अंगणाचं ऐकून मला बरं वाटलं, हे खरं सांगते. मावशीचं अंगण तसंच होतं.

तरी तीन गोष्टी लागतील. तिकीट लावायचं नाही. रोवणीचं गाणं ठेवणार असाल तर गावच्या बाया म्हणतील, मोबाईलवरून वाजवायचं नाही. आणि तुमच्या आजूबाजूला ज्या घरातली बाई गेली त्या घरी जाऊन आधी विचारा. ते नको म्हणाले तर यंदा नको.

मंडळातला एक

ताई, मी त्याच पोट्ट्यांपैकी आहे. पहिल्या दोन गोष्टी आत्ताच मान्य. तिसरी जड जाते. विचारायला गेलो की घरचे सरपंचाला विचारतात, सरपंच पोलीस पाटलाला विचारतो आणि शेवटी सगळे म्हणतात, कशाला उगीच. आजपर्यंत याच रस्त्यानं प्रत्येक गोष्ट दाबली गेली आहे. गार्डला, फळीच्या ठेकेदाराला, आमदाराला प्रश्न विचारायचा तर कोणाचीच परवानगी मिळणार नाही.

मोहफूल

दादा, सरपंचाला विचारूच नका. ठेकेदार आणि आमदार यांच्याबद्दल काय हवं ते बोला, मी पुढं बसून ऐकीन. मी फक्त त्या एका घराचं म्हणते. सगळ्यांनी त्यांच्याबद्दल बोलून घेतलं, त्यांना अजून कोणी विचारलं नाही. तुम्ही पहिले व्हा. घरात पुरुषमंडळी बोलतील. तिथंच थांबू नका, तिच्या लेकीला विचारा.

मंडळातला एक

रविवारी जातो. सोबत मंडळातल्या दोन बाया येतील.