बाहेरकाठ्याला खांड पडली आहे, गोण्या टिकत नाहीत

खाजणवाट: अलिबागचा खारेपाट, म्हणजे खाडीकाठची खारी शेतजमीन. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, साधारण ४ मीटर रुंद खांड (भगदाड) आहे. गोण्या टाकल्या, दोन उधाणांत गेल्या. पावसाला दीड महिना आहे. तात्पुरतं तरी कसं बुजवायचं? आणि खारभूमीच्या कचेरीत पत्र देऊन काही होतं का?

उघाडी: गोण्या दोन्ही टोकांकडून मध्ये सरकवत नेल्या असणार. तिथेच चुकतं. तोंड जितकं अरुंद होतं तितकी धार वाढते आणि मधला तळ खरवडतो. त्यात जास्त माती नेते ती ओहोटी, कारण आत साठलेलं पाणी त्याच खांडीतून बाहेर पडतं. म्हणून आधी उघाडी (बांधातली, आतलं पाणी बाहेर सोडायची झडप) साफ करून ठेवा, आतल्या पाण्याला दुसरी वाट हवी.

काम भांगाला (भरतीचा जोर कमी असतो तेव्हा) धरा, अष्टमी-नवमीच्या आसपास. मूळ रेषेवर हट्ट नको. खांडीत खड्डा खोल झाला असेल तर आतल्या बाजूने, उथळ जागेवरून अर्धचंद्रासारखा वळसा घ्या. खुंटांच्या दोन रांगा, मध्ये मीटरभर अंतर, खुंट हातभर अंतरावर आणि निदान मीटरभर आत ठोकलेले. रांगांच्या आत झावळ्या आणि पेंढा, मग गोण्या. पूर्ण रुंदीत एकेक थर, तळ एकसारखा वर आला पाहिजे. गोणी दोन तृतीयांशच भरा, ठासून भरलेली गोणी शेजारणीला चिकटत नाही, फटीतून पाणी शिरतं. आत खाजणातली (खाडीकाठच्या दलदलीतली) चिकण माती हवी, पुळणीची वाळू नको. पुढच्या उधाणाआधी माथा उधाणाच्या खुणेच्या वर गेलाच पाहिजे. माती दबते, तेव्हा थोडा जास्तच ठेवा.

चिकणमाती: वरच्याशी सहमत. पण बाकीचा बांधही बघून घ्या, नाहीतर पुढची खांड तिथेच. भरतीला आतल्या पायथ्याने चालत जा. नितळ पाणी झिरपत असेल तर थोडी सवड आहे. गढूळ येत असेल तर बांधातली माती वाहते आहे, ते त्याच दिवशी बघायचं. बहुतेक वेळा खेकड्याचं बीळ निघतं. नुसतं तोंड बुजवून उपयोग नाही, शेवटापर्यंत उकरून ओल्या चिकणमातीने ठोकत भरा. भरावाची माती पायथ्यालगतची काढू नका. आणि जेसीबी कांदळवनातून नेऊ नका. लाटेचा जोर तेच मोडतं, शिवाय २०१८च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते अंगाशी येईल.

तहकूब: पत्राचं सांगतो. आधी हे विचारा की तुमची खार शासकीय योजनेत आहे की खासगी. खासगी असेल तर कचेरी हात वर करते. १९७९च्या खारजमीन कायद्यानंतर योजनेतल्या बांधाची जबाबदारी सरकारकडे गेली, आणि बांधाबरोबर जोळही (शेतकऱ्यांनी मिळून बांध राखायची पद्धत) गेली. ज्याची शेती त्याचा बांधाचा वाटा, असं होतं तेव्हा खेकड्याचं बीळ बीळ असतानाच बुजायचं. आता ते खांड होईपर्यंत फाइलीत असतं.

ग्रामसभेचा ठराव लागेलच. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी संख्या. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पाचपंचवीस माणसांत गाव चालतं. म्हणून विषय मूळ नोटिशीतच घालून घ्या, ‘आयत्या वेळचे विषय’ यात नको. ठरावात गट नंबर, खांडीची रुंदी, भिजलेलं क्षेत्र लिहा. पत्राची पोच घ्या. तलाठ्याचा पंचनामा वेगळा मागा, तो बांधासाठी नसतो, नुकसानीसाठी असतो.

खाजणवाट: योजना शासकीय आहे. खारं पाणी शिरलेल्या शेतात यंदा भात होईल?

चिकणमाती: खांड बुजली तर होईल. पहिला पाऊस बांधात साठवा, चिखलणी करा, पाणी ओहोटीला उघाडीतून सोडा. दोन-तीनदा. माती तपासून क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या बरीच वर असेल तर लावणी लांबवा. पनवेल १, २ किंवा ३ यातलं बियाणं घ्या, रोप कोवळं नको, जास्त दिवसांचं लावा, चुडात (एका जागी लावायच्या रोपांत) एक-दोन काड्या जास्त.