1853 साली धाराशिव कंपनीकडे गेलं, ते नक्की कोणत्या कर्जापोटी?

नळदुर्गकर:
शाळेच्या प्रदर्शनासाठी जिल्ह्याच्या इतिहासाचे फलक करायचे आहेत. जिथे पाहावं तिथे एकच ओळ आहे: 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव इंग्रजांकडे गेले, 1860 मध्ये धाराशिव-रायचूर परत आले. पण 1800 सालीच निजामाने फौजेच्या खर्चापोटी बळ्ळारी, कडप्पा हा मुलूख कायमचा तोडून दिला होता ना? मग पुन्हा कर्ज कसलं? शिवाय ही ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा व्यापार करत होती का? आणि ती संपली कधी? कुठे 1858 लिहिलंय, कुठे 1874.

बालाघाट:
दादा, गोंधळ दोन फौजांचा आहे. फलकावर त्या वेगळ्या दाखवल्या नाहीत तर पुढचं काहीच कळत नाही.

पहिली तैनाती फौज. ती कंपनीची स्वतःची. 1798 च्या तहात तिच्यासाठी वर्षाला 24 लाख 17 हजार 100 रुपये ठरले. 1800 मध्ये रोख रकमेऐवजी मुलूख घेतला. म्हणजे तिचा हिशोब तिथेच मिटला. जालन्याची छावणी या फौजेची.

दुसरी हैदराबाद कंटिंजंट. 1800 च्या तहात कलम होतं की युद्ध झालं तर निजामाने आपले 6,000 पायदळ आणि 9,000 घोडदळ द्यावं. युद्ध झालं तर! पण रेसिडेंट (निजामाच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) हेन्री रसेलच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची पलटण उभी राहिली आणि शांततेतही तिचे पगार चालूच राहिले. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, ही तिची ठाणी. खर्च वर्षाला 40 लाखांच्या घरात. हुकूम रेसिडेंटचा, खजिना निजामाचा. पगार थकला की कंपनी आपल्या तिजोरीतून द्यायची आणि ते निजामाच्या नावे व्याजासह कर्ज लिहायची. 1853 चा दावा या कर्जाचा, 45 लाखांच्या आसपास.

एक गोष्ट फलकावर जरूर घ्या. जालना आणि सिकंदराबाद छावण्यांतल्या आबकारीचं, म्हणजे दारूवरच्या कराचं, उत्पन्न कंपनी घेत होती. ते आमचं आहे, कर्जातून वजा करा, अशी निजामाच्या बाजूची मागणी होती. ती मानली असती तर कर्जाचा बराच भाग उडाला असता. हा हिशोब न करता जिल्हे घेणं अन्यायच होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोदातीर:
वरच्या उत्तराला जोड. मधला दुवा पामर आणि कंपनीचा आहे. ईस्ट इंडिया कंपनी वेगळी. ही हैदराबादची खासगी सावकारी पेढी. इंग्रज प्रजाजनाने देशी राजाला कर्ज देण्यावर बंदी होती, तिच्यातून पेढीला 1816 मध्ये गव्हर्नर जनरलने सूट दिली. निजामाचा दिवाण चंदुलाल तिच्याकडून उचल घ्यायचा, त्यात औरंगाबादकडच्या फौजेचे पगारही होते. 1820 मध्ये 60 लाखांचं मोठं कर्ज झालं, त्यातला मोठा भाग जुन्याच थकबाकीचा. नवा रेसिडेंट मेटकाफ याने वह्या तपासल्यावर प्रकरण बाहेर आलं.

मग 1823 मध्ये पामरचं देणं फेडायला कंपनीने पैसे दिले, पण फुकट नाही. 'उत्तर सरकार' नावाच्या आंध्र किनाऱ्यावरच्या मुलखासाठी कंपनी निजामाला वर्षाला 7 लाख पेशकश, म्हणजे खंडणी, देत असे, ती कायमची बंद झाली. त्याबदल्यात एकरकमी 1 कोटी 16 लाख 66 हजार. 7 लाखांना 6 टक्क्यांनी भागा, हाच आकडा येतो. पेढी पुढच्याच वर्षी बुडाली. निजामाचं हक्काचं उत्पन्न गेलं ते गेलंच, आणि कंटिंजंटचा खर्च तसाच राहिला.

हिशोबतपासनीस:
व्यापाराबद्दल: नाही, 1853 मध्ये कंपनी व्यापार करत नव्हती. सनद 31 डिसेंबर 1600 ची. सुरुवातीला इथलं कापड घ्यायला चांदी आणावी लागे. 1765 मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाल्यावर तिथल्याच महसुलातून माल विकत घेता येऊ लागला. तरी लढाया आणि फौज यांचा खर्च नफ्याच्या पुढे गेला. 1773 मध्ये ब्रिटिश सरकारकडून 14 लाख पौंडांचं कर्ज काढावं लागलं. त्याबरोबर संसदेचा अंकुश आला. 1813 मध्ये भारताच्या व्यापाराचा मक्ता गेला, 1833 च्या कायद्याने चीनचा चहाही गेला आणि व्यापारच बंद झाला. उरलं फक्त राज्य.

भागधारकांचं मात्र चांगलं जमलं. 60 लाख पौंड भांडवलावर साडेदहा टक्के लाभांश, म्हणजे वर्षाला 6,30,000 पौंड, आणि तो भारताच्या महसुलातून. दोन्ही सालं यामुळेच दिसतात. 1 नोव्हेंबर 1858 ला राज्य राणीकडे गेलं, पण लाभांश चालू होता. 100 पौंडांच्या भागाला 200 पौंड देऊन भागधारकांचे भाग परत घेतल्यावर 1 जून 1874 ला कंपनी विसर्जित झाली.

नळदुर्गकर:
खूप आभार. मग 1853 ते 60 या काळात जिल्हा नेमका कोणाचा लिहू?

बालाघाट:
मालकी निजामाची, कारभार आधी कंपनीचा आणि नोव्हेंबर 1858 पासून राणीच्या सरकारचा. नळदुर्गला मेडोज टेलर डेप्युटी कमिशनर होता. तहाप्रमाणे कंटिंजंट किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ आणि 4 तोफखाने; खर्च जाऊन उरलेला वसूल निजामाला द्यायचा होता. 1860 मध्ये धाराशिव-रायचूर परत आले, 50 लाखांचं कर्ज माफ झालं, शोरापूर संस्थान निजामाला मिळालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं.

जुने कागद लावणार असाल तर फसली सनात (महसुली वर्षात) 590 मिळवा, की इसवी सन येतो: फसली 1263 म्हणजे 1853-54. आणि कंपनीचा रुपया व हैदराबादी रुपया एका बेरजेत घेऊ नका. दोन्हींची किंमत सारखी नव्हती, बेरीज चुकेल.